मार फेकणारीला

रिम्माला आयुष्यातला पहिला फटका बसला तो तिच्या चुकीसाठी नव्हताच.

समोरच्या मुलीच्या हातून मुगदल निसटला, लाकडी फरशीवर आदळला आणि घरंगळत भिंतीपर्यंत गेला. कोच तमारा इग्नात्येव्हना खुर्चीवरून उठल्या. ज्या मुलीच्या हातून मुगदल पडला होता, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या सरळ रिम्मापाशी आल्या, तिचा डावा हात धरून डोक्यावर नेला आणि उघड्या पडलेल्या कुशीत, जिथे फासळ्या संपतात तिथे, कसरतीच्या दोरीची ओली गाठ हाणली. रिम्मा अकरा वर्षांची होती. तिला रडू आलं नाही, कारण रडायला श्वास लागतो आणि तो कुठे गेला होता तेच तिला कळत नव्हतं.

त्या हॉलचा कायदा असा होता की झेलणारी चुकली तर मार फेकणारीला.

हे होतं रशियातल्या व्होल्गोग्राडमध्ये, व्होल्गा नदीच्या काठावर. साल सत्याहत्तर. तालावरच्या जिम्नॅस्टिक्सचा हा प्रकार सहाजणींनी मिळून करायचा असतो. संगीत चालू असताना चेंडू, दोऱ्या, रिंगा किंवा बाटलीच्या आकाराचे लाकडी मुगदल एकमेकींकडे उंच फेकायचे आणि न बघता झेलायचे. एकीच्या हातून पडला तर गुण सहाहीजणींचे जातात. तमाराबाईंचं म्हणणं असं की स्वतःच्या चुकीचा मार माणूस सोसतो आणि विसरतो, पण आपल्यापायी दुसरीला मार बसला की हात विसरत नाहीत.

आणि खरंच हात विसरत नसत. कारण हॉलमध्ये जिला मार बसे, ती नंतर न्हाणीघरात चुकलेल्या मुलीला गाठे. टॉवेलात साबणाची वडी गुंडाळायची आणि मांडीवर, पाठीवर सपासप मारायचं. बाकीच्या चौघी दाराला पाठ लावून उभ्या राहत. रिम्माने असा मार खाल्ला आणि दिलाही. एकदा तिने एका मुलीला इतकं मारलं की वडीचे दोन तुकडे झाले. जेवताना त्याच मुलीने तिला आपल्या वाटीतलं लोणी दिलं. दोघींना त्यात काही विशेष वाटलं नाही.

रिम्माची जोडीदार होती झोया. दोघींची फेकाफेक सगळ्यांत अवघड, कारण पाठमोरं उभं राहून पायाने मुगदल उडवायचा होता. झोयाचा उजवा खांदा थोडा आखडलेला होता, म्हणून तिला नेहमीपेक्षा हातभर डावीकडे टाकायचा, हे रिम्माच्या टाचेला ठाऊक होतं. मुगदल हवेत फिरतो तेव्हा त्याचं जड टोक बाहेर ओढ घेतं आणि झेलायचं असतं ते बारीक मानेशी. बोटाच्या पेराइतकी चूक झाली की जड टोक मनगटावर बसतं. दोघींची मनगटं बारा महिने सुजलेली असत.

चौऱ्याऐंशी साली मॉस्कोला सगळ्या शहरांच्या ग्रुपांची मोठी स्पर्धा ठरली. तिच्याआधीच्या हिवाळ्यात रिम्माचं मनगट कामातून गेलं. तिच्या हातून मुगदल पडू लागले, रोज पडू लागले, आणि रोज झोया हात डोक्यावर नेऊन कूस पुढे करू लागली. तमाराबाईंना सांगावंही लागत नसे. एक दिवस झोयाने संडासातून हाक मारून रिम्माला आत बोलावलं आणि भांड्यातलं लाल पाणी दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मात्र झोया म्हणाली, काही नाही, मी ठीक आहे. रिम्मा शेजारीच उभी होती. तीही म्हणाली, ती ठीक आहे. स्पर्धा तोंडावर आली होती.

मॉस्कोत एकही मुगदल पडला नाही. सहाजणींच्या गळ्यात सोनं आलं. परतीच्या गाडीत झोया दोन बाकांमध्ये कोसळली आणि तिचं एक मूत्रपिंड काढावं लागलं.

पुढच्या स्पर्धेत रिम्मासमोर दुसरी मुलगी उभी होती. तेव्हाही सोनं मिळालं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे लोकांनी ही गोष्ट अशी सांगितली की मारामुळे सगळ्यांचा सत्यानाश झाला. सत्यानाश झाला हे खरं, पण सोनंही मिळालं. दोरी लागू पडत होती. रिम्माला आयुष्यभर छळलं ते याच गोष्टीने.

शहाऐंशी साली तिची कंबर गेली. इस्पितळात तिची चौकशी करायला येणाऱ्या विद्यार्थ्यांत एक होता शशिकांत, साताऱ्याकडचा, डॉक्टरकी शिकायला रशियात आलेला. त्याने तिला घरून आलेलं लिंबाचं लोणचं दिलं, आणि तिने ते जॅमसारखं चमच्याने खाऊन बाटली संपवली. शशिकांत म्हणत असे की त्याच दिवशी आपण ठरवलं, ही बाई आपल्या आईपुढे टिकून राहील.

लग्न झालं. नव्वद साली दोघं इंग्लंडात लेस्टरला आली, शशिकांतच्या मोठ्या भावाच्या, विनयच्या घरी. घर बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत होतं. घरात विनय, त्याची बायको मंजिरी, त्यांची आठ वर्षांची शिल्पा आणि सासूबाई यमुनाबाई. शशिकांत परीक्षा देत होता, मग रात्रपाळ्या करत होता. त्यामुळे रिम्मा मराठी शिकली ती यमुनाबाईंच्या स्वयंपाकघरात, आणि यमुनाबाईंचं मराठी होतं तसंच शिकली. बस न थांबता निघून गेली की ही उंच, गोरी बाई स्टॉपवर उभी राहून ड्रायव्हरला "मुडदा बशिवला तुझा" म्हणायची आणि आसपासच्या गुजराती बायका खाली मान घालून हसायच्या.

दोन वर्षांनी तिने जवळच्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या क्रीडागृहात, संध्याकाळी मुलींना शिकवायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी तिने एक गोष्ट ठरवून टाकली की हात ट्रॅकसूटच्या खिशात ठेवायचे. शिकवताना, ओरडताना, हॉलभर फिरताना हात खिशातच. इंग्लिश आयांना वाटलं की रशियन लोकांची हीच स्टाइल असावी. खरी गोष्ट ही की रिम्माला आपल्या हातांचा भरवसा नव्हता.

कारण मुली चुकल्या की हसत. मुगदल पडला की "सॉरी" म्हणत आणि खिदळत उचलायला जात. एकदा केली नावाच्या धिप्पाड मुलीने पडलेला मुगदल पायाने फुटबॉलसारखा उडवला. तेव्हा रिम्माच्या हातात दोरी कधी आली ते तिला कळलंच नाही. ती तशीच मागच्या दाराने कारपार्कमध्ये गेली आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्याला मारत सुटली. पत्र्याला पोचे पडले. तळहाताची सालं निघाली. सिगारेट ओढत बसलेली दोन पोरं उठून मुकाट्याने दुसरीकडे गेली. दोरी तिथेच टाकून ती परत आली, हात खिशात घातले आणि म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून.

एकच ध्यास तिला लागला होता. दोरीशिवाय ग्रुप उभा करायचा. एकदा, एकच. तसा ग्रुप जिंकला असता तर तमाराबाई खोट्या ठरल्या असत्या आणि झोयाला बसलेला मार फुकट होता हे सिद्ध झालं असतं. रिम्माला तेवढं पुरलं असतं. पण ग्रुप काही उभा राहत नव्हता. तिथे सहाजणी असत. इथे पुढे नियम बदलून पाचजणी झाल्या, तरी पाचांचा एक जीव होईना. शिल्पा चांगली होती, चपळ आणि हट्टी. तिच्यासमोर होती सीमा, एका दुसऱ्या मराठी डॉक्टरांची मुलगी. सीमा गोड होती, पण तिच्या हातांना जणू तूप लावलं होतं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत रिम्माने ती चूक केली.

यमुनाबाई चकल्या पाडत होत्या, रिम्मा तळत होती आणि तेरा वर्षांची शिल्पा ओट्यावर बसून पाय हलवत होती. आदल्या आठवड्यात त्यांचा ग्रुप एका लहान स्पर्धेत शेवटचा आला होता. शिल्पा कुरकुरत होती की केली सीरियस नाही, सीमा सीरियस नाही. तेव्हा रिम्मा म्हणाली की तुम्ही किती सुखात आहात ते तुम्हाला माहीत नाही, आणि तिने तमाराबाईंचा कायदा सांगितला. सांगायचा होता धडा म्हणून. पण सांगताना तिचा आवाज चढला, पाठ ताठ झाली आणि तो धडा राहिला नाही.

"खूप दुखायचा का, काकू?" शिल्पाने विचारलं. तिचं मराठी तसंच होतं, मोडकंतोडकं आणि भरधाव.

रिम्माने झारा खाली ठेवला. बैठकीच्या खोलीतून सोफ्याची उशी आणली, खुंटीवरच्या पिशवीतून दोरी काढली, गाठ नळाखाली ओली केली आणि दाखवलं. मनगट कसं सैल ठेवायचं. गाठ कुठे उतरवायची. कातडी न फाटता वळ आत कसा राहतो. उशीला बसलेल्या फटक्याचा आवाज ऐकून यमुनाबाईंच्या हातातला सोऱ्या थांबला.

"पोरीला हे काय शिकवतेस गं?" त्या म्हणाल्या.

रिम्मा हसली. म्हणाली, आई, ही नुसती गोष्ट आहे. आणि झोयाचं काय झालं ते सांगायचं ठेवून ती तळणाकडे वळली, कारण चकल्या करपायला लागल्या होत्या.

नाताळाच्या सुट्टीनंतर ग्रुप बदलला.

मुगदल पडायचे कमी झाले. मग फारच कमी झाले. मुली हसेनाशा झाल्या. संगीत सुरू होण्याआधी त्या एकमेकींकडे अशा बघत, जशा रिम्मा आणि झोया बघायच्या, डोळे न मिटता आणि थोडा श्वास रोखून. सीमाच्या हातांवरचं तूप उतरलं. ती झेलू लागली, धडपडून, गुडघे फोडून, एकदा तर दातांवर घेऊन, पण झेलू लागली. केली, जी पूर्वी वेळेवर येत नसे, ती सगळ्यांच्या आधी येऊन चेंजिंगरूमच्या दाराशी उभी असे. रिम्माने यातलं सगळं पाहिलं आणि तिला एकच अर्थ लावावासा वाटला. तिने शशिकांतला झोपेतून उठवून सांगितलं की झालं, दोरीशिवाय झालं. शशिकांत म्हणाला, छान, आणि कूस बदलून झोपला. त्याला सकाळी सातला वॉर्डवर जायचं होतं.

मार्चमध्ये त्यांनी आपल्या भागाची, मिडलँड्सची फेरी जिंकली. मेमध्ये कार्डिफला देशभरातल्या मुलींच्या ग्रुपांची स्पर्धा होती. यमुनाबाईंनी हौसेने नवे पोशाख शिवायला घेतले, जांभळे, खांद्यावर टिकल्या लावलेले. कार्डिफच्या आधीच्या गुरुवारी मुली माप द्यायला घरी आल्या. एकेक जण आतल्या खोलीत जाऊन पोशाख घालून बघत होती. शिल्पा मात्र जायला तयार नव्हती. म्हणे, मी नंतर घालीन, मला माहिती आहे बरोबर होणार.

यमुनाबाईंनी तिला हाताला धरून ओढलं. टाचणी लावायला कुशीशी बोट टेकवलं मात्र, शिल्पा तोंडातल्या तोंडात ओरडली आणि खाली बसली.

यमुनाबाईंनी तिचा टीशर्ट कमरेपासून वीतभर वर केला. डावी कूस काळीनिळी होती. जुने वळ पिवळे पडले होते, त्यांच्यावर नवे. प्रत्येक वळाच्या टोकाला पावलीएवढा गोल डाग होता. गाठीचा.

यमुनाबाई वळल्या त्या रिम्माकडे. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाळीतली उशी होती. खाडकन एक त्यांनी रिम्माच्या थोबाडीत ठेवून दिली. रिम्माच्या कानात शिट्टी वाजली. ती म्हणाली नाही की मी नव्हे.

"आजी, ती नाही," शिल्पा म्हणाली. "पडले मी. खरंच पडले."

रिम्माने शिल्पाला परसातल्या शेडमध्ये नेलं आणि दार लावलं. विचारलं, कोण मारतं?

"केली. तिचा हात हेवी आहे म्हणून."

"तुला? दर वेळी तुलाच?"

"रूल आहे ना. सीमा ड्रॉप करते, मी थ्रो करते. मग मला." शिल्पाला या प्रश्नाचंच नवल वाटत होतं. "पहिला वीक सीमा खूप रडली. तिला नको होता. मग तिने ड्रॉप करायचं बंद केलं. वर्क होतो, काकू. तू सांगितला होता तसाच वर्क होतो."

शेडमध्ये गवत कापायच्या मशीनचा वास होता. रिम्माच्या मनाचा एक कोपरा तेव्हाही हिशेब करत होता की परवा शनिवार. तिने विचारलं, लघवीतून रक्त जातं का? शिल्पा म्हणाली, नाही. झटकन म्हणाली. झोयानेही असंच झटकन सांगितलं होतं. आणि रिम्माने, जिला हे उत्तर जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, तिने ते खरं मानलं. तिने शिल्पाकडून शपथ घेतली की यापुढे एकही फटका नाही, हॉलमधल्या दोऱ्या कपाटात घालून कुलूप लावलं, आणि शुक्रवारी दुपारी पाच मुलींना मिनीबसमध्ये घालून कार्डिफला नेलं. यमुनाबाईंनी जाताना तिच्या हातावर दही घातलं नाही. मंजिरीला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती रविवारी परत आल्यावर काय जेवायचं ते विचारत होती.

शनिवारी सकाळच्या फेरीत त्या पहिल्या आल्या.

दुसऱ्या क्रमांकाचा ग्रुप इतका मागे होता की बाकीचे कोच येऊन रिम्माचा हात हातात घेऊन जात होते. तो हात खिशातून काढावा लागत होता. दुपारी अंतिम फेरी. त्याआधी बाजूच्या हॉलमध्ये सराव चालू होता. कडेला आयाबाप, परीक्षक, इतर ग्रुपांच्या मुली. शिल्पाने पायाने मुगदल उडवला. सीमा वळली, आणि बऱ्याच आठवड्यांनी पहिल्यांदा मुगदल तिच्या बोटांवर आदळून खाली पडला.

केली जागची हलली नाही. दोरी तर तिथे नव्हतीच. पण शिल्पाने, शंभर माणसांसमोर, आपला डावा हात उचलून डोक्यावर नेला आणि कूस पुढे केली. तिला स्वतःलाही ते कळलं नाही. तिचे डोळे मुगदलावर होते. आणि सीमा फरशीवर उकिडवी बसून दोन्ही तळवे कानांवर दाबत होती, फटका ऐकू येऊ नये म्हणून.

रिम्मा उभी होती तिथून निघाली. परीक्षकांच्या टेबलाशी गेली आणि सांगितलं की लेस्टरचा ग्रुप माघार घेतोय. टेबलामागच्या बाईने चष्मा काढला आणि विचारलं, दुखापत आहे का? रिम्मा म्हणाली, हो.

मुलींना तिने चेंजिंगरूममध्ये सांगितलं. सीमा रडायला लागली, ते सुटकेचं रडू होतं. केली बाकावर बसून भिंतीवर टाच आपटत राहिली. शिल्पा मात्र दोन पावलं पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू नाही सांगू शकत असा. तू नाही मार खाल्लास. मी खाल्ला."

रिम्मा म्हणाली, मीही खाल्लाय. म्हणूनच.

"तुला तर गोल्ड मिळाला!"

आणि तिने हातातला मुगदल रिम्माच्या तोंडावर हाणला. जड टोकाने. भुवई फाटली. रिम्मा मागे सरकली नाही म्हणून दुसरा बसला तोंडावर आणि वरचा दात मुळातून तुटला. तिसऱ्याला केलीने मागून शिल्पाला मिठी मारली. दोघी फरशीवर पडल्या, एकमेकींना बोचकारत, ओरडत. केलीच्या हातावर दात उमटले. दार उघडून दोन आया आत आल्या तेव्हा रशियन कोचच्या हनुवटीवरून रक्त टपकत होतं, मुली किंचाळत होत्या, आणि धरपकडीत वर गेलेल्या शिल्पाच्या टॉपखालून तिची काळीनिळी कूस सगळ्यांना दिसत होती.

कार्डिफच्या इस्पितळात एकाच वेळी दोघींना तपासलं. रिम्माच्या भुवईला टाके पडले. शिल्पाच्या लघवीत रक्त सापडलं. तिला चार दिवस ठेवून घेतलं. मूत्रपिंडाला सूज होती, ती उतरली. शशिकांत रात्रीच गाडी चालवून आला, रिपोर्ट पाहिले आणि भिंतीशी टेकून खाली बसला. म्हणाला, आणखी एक महिना चाललं असतं तर.

रिम्माने त्याला सांगितलं नाही की गुरुवारी तिला कळलं होतं. ते त्याला यमुनाबाईंनी सांगितलं.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. लेझर सेंटरच्या कमिटीने रिम्माला बोलावलं. वळ कुणी उठवले, असं त्यांनी विचारलं. तिने मुलींची नावं घेतली नाहीत. माझ्या हॉलमध्ये झालं, एवढंच म्हणाली. त्यांनी ते कबुलीसारखं ऐकलं. सोशल सर्व्हिसेसची माणसं घरी येऊन गेली. कुणीतरी गॅरेजच्या दारावर लाल रंगात घाणेरडा शब्द लिहिला आणि एका रात्री पुढची काच फोडली. वीट सोफ्यावर येऊन पडली. विनयने वीट उचलून बाहेर ठेवली आणि भावाला म्हणाला, तुम्ही दुसरं घर बघा.

पंधरा दिवसांनी शिल्पाने आईला खरं सांगितलं. मंजिरीने ते ऐकून घेतलं आणि तशीच रिम्माच्या नव्या भाड्याच्या खोल्यांवर आली. तिच्या हातात डबा होता. रिम्माला क्षणभर वाटलं, संपलं. मंजिरीने डबा टेबलावर ठेवला. त्यात रिम्माचीच घरी राहिलेली भांडी होती.

"दोरी तुझ्या हातात नव्हती, हे समजलं मला," मंजिरी म्हणाली. "पण माझ्या घरात दोरी आली कुठून?"

"माझ्याकडून, वहिनी," रिम्मा म्हणाली.

मंजिरी थांबली नाही. जाताना तिने दार इतक्या जोरात लावलं की चौकटीचा पोपडा उडाला. नंतर दोन्ही घरं गणपतीत भेटत, पण त्या दोघी बोलत नसत. यमुनाबाई मात्र दर मंगळवारी बसने येत, रिम्माकडे जेवत आणि तिच्या तुटक्या दाताकडे बघून म्हणत, मेल्या डॉक्टरची बायको तू, एक दात बसवून घेता येईना? आपण मारलेल्या चपराकीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. रिम्मालाही तो नको होता.

रिम्मा एका बेकरीत कामाला लागली. पहाटेची पाळी, भट्टी, पिठाची पोती. तिच्या हातांना ते काम मानवलं. कणीक मळताना ती इतक्या जोराने मळायची की मालक म्हणायचा, बाई, त्या पिठाने तुमचं काय घोडं मारलंय?

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एक दिवस शिल्पा बेकरीच्या मागच्या दाराशी आली. सतरावं लागलं होतं, केस आखूड कापलेले, शाळेच्या परीक्षा संपलेल्या. कार्डिफनंतर तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. एका मुलाला शाळेच्या बसमध्ये मारलं म्हणून मध्यंतरी तिला काही दिवस घरी बसवलं होतं, हे रिम्माच्या कानावर आलं होतं. दाराशी उभी राहून ती पिठाच्या पोत्यांकडे बघत होती.

"आम्ही जिंकलो असतो ना?" तिने विचारलं. काही प्रस्तावना नाही. "मम्मी म्हणते कदाचित नाही. आजी पण म्हणते. शशीकाका म्हणतो, कोण सांगणार."

तिला हवं होतं ते उत्तर कोणतं, हे रिम्माला कळलं नाही. तिने खरं तेच सांगितलं.

"जिंकला असता. मी सकाळी पाहिलं होतं तुम्हाला. कुणी जवळपास नव्हतं."

शिल्पाचा जबडा आवळला. तिने दाराच्या चौकटीवर मूठ आपटली, एकदा, मग पुन्हा. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली. रिम्माने तिला थांबवलं नाही. ॲप्रनला हात पुसले आणि वाट पाहिली.

"मग का नाही खेळू दिलं?"

"जिंकला असता तर तुम्ही ते कधी सोडलं नसतं. तू सीमाला शिकवलंस. सीमाने आणखी कुणाला शिकवलं असतं."

"तू तर सोडलंस."

"कुठे सोडलं?" रिम्मा म्हणाली. "तुला दिलं की."

आत कुणीतरी ट्रे आपटले. शिल्पाने सोललेली बोटं तोंडात घातली आणि बाहेर काढून पाहिली.

"तरी पण मला पाहिजे होता तो मेडल," ती म्हणाली. "अजून पाहिजे."

"मलाही," रिम्मा म्हणाली, आणि कपाटातून पट्टीचा डबा काढून तिने शिल्पाचा हात आपल्याकडे ओढला. शिल्पाने हात आखडून घेतला. मग दिला.